कारध्याला नदीचं पाणी मोजतो, ताटातलं कोण मोजणार?

श्रावण लागला, वर मध्यप्रदेशात पाऊस झाला, की आपल्या जिल्ह्यात पहिला प्रश्न एकच: कारध्याला पाणी किती? माणूस भंडाऱ्याचा असो की पवनीचा, वैनगंगेची कारध्याची पातळी त्याला ठाऊक पाहिजे. लहान पुलावर पाणी चढलं का, गोसेखुर्दची दारं किती उघडली, हे शाळकरी पोरगंही सांगतं. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर पाहिल्यापासून तर मीटर-सेंटिमीटरची भाषा म्हाताऱ्या बायांच्याही तोंडी आली.

तर शेतकरी बंधूंनो, एक विचारू का? काल तुमच्या घरच्या बाईनं किती ग्रॅम तांदूळ खाल्ला?

हसू नका. पाणी मोजल्याशिवाय गाव कधी हलवायचं ते ठरत नाही, तसं खाणं मोजल्याशिवाय कोणती योजना कुणासाठी पाहिजे तेही ठरत नाही. आणि खाणं मोजण्याचं एक शास्त्र आहे. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला मॅककॅरिसन नावाच्या डॉक्टरच्या लहानशा प्रयोगशाळेतून तिची सुरुवात झाली, १९५८ साली ती हैदराबादला आली. तिच्याच देखरेखीखाली १९७२ पासून राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्युरोची माणसं खेड्यापाड्यांत जाऊन घरोघरच्या चुली तपासत असत. महाराष्ट्रही त्यात होता. २०१५ साली हा ब्युरो बंद झाला, पण त्याची पद्धत अजून वापरली जाते.

पद्धतीचं नाव आहे चोवीस तासांची आठवण. सर्वेक्षणाचा माणूस येतो तो ठरलेल्या मापाच्या वाट्या-पेल्यांचा संच घेऊन. (भंडारा म्हणजे भांड्यांचा गाव, त्याला आपण वाट्यांची नवलाई काय सांगावी!) तो घरात रांधणाऱ्या बाईला विचारतो: काल सकाळी उठल्यापासून काय काय शिजलं? तांदूळ किती घेतला? भात किती झाला? मग कुणाच्या ताटात किती वाट्या गेला?

हिशेब सोपा आहे. समजा, रात्रीच्या जेवणाला एक किलो तांदूळ शिजवला आणि त्याचा मोठ्या वाटीनं पंधरा वाट्या भात झाला. म्हणजे एका वाटीत ६७ ग्रॅमच्या आसपास कच्चा तांदूळ. बाईनं तीन वाट्या खाल्ल्या तर तिच्या पोटात २०० ग्रॅम तांदूळ गेला. १०० ग्रॅमला ३५० कॅलरी धरल्या तर ७०० कॅलरी झाल्या आणि प्रथिनं मिळाली जेमतेम १४ ग्रॅम. असंच वरणाचं, भाजीचं, तेलाचं, साखरेचं.

सोपा असला तरी हिशेब फसतो, आणि फसतो तो आपल्याच उत्तरांनी. पाहुण्यासमोर कमी कसं सांगायचं म्हणून न केलेली भाजी केली म्हणून सांगतो. धुऱ्यावर तीनदा घेतलेला चहा विसरतो. वाटेत खाल्लेली बोरं, टेंभरं, पोरांनी शेकोटीत भाजून खाल्लेला हरभरा, यातलं काहीच कागदावर येत नाही. खर्ऱ्याचं तर कुणी बोलतच नाही, आणि भूक मारणारी वस्तू हीच! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विचारायला आला तर गाव रोज पुरणपोळी खातं असं व्हायचं. म्हणून सणावाराचा दिवस धरत नाहीत.

किती खाल्लं हे मोजणं का महत्त्वाचं, ते आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. लाखोळी आठवा, आपल्या बोलीतली लाखोरी. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत फेकून दिली की न नांगरता, न ओलवता येणारं पीक. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. कारण होतं पांगळेपण. मध्यप्रदेशात रीवा भागात सालदारांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळायचं, दुसरं काही खायला नसायचं, आणि तरणेताठे गडी पायांतून जायचे. १९६४ साली या दाण्यातलं विषारी द्रव्य शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. पण त्यानंतरही भांडण मिटलं नाही. आमच्या बापजाद्यांनी लाखोळीचं वरण खाल्लं, आम्ही खाल्लं, कुणी पांगळं झालं नाही, असं इकडचे शेतकरी म्हणत राहिले. दोघंही खरं बोलत होते! फरक मापाचा होता. दोन-तीन महिने सतत, जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळीच असली तर धोका. भाताबरोबर वाटीभर वरण, तेही भिजवून, उकळून, पाणी फेकून, ही गोष्ट निराळी. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं उपोषणं केली, आणि २००८ साली महाराष्ट्रानं बंदी उठवली. पुढं २०१४ साली एक अभ्यास छापून आला. त्यात शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातल्या पाच गावांची १०५ घरं याच चोवीस तासांच्या आठवणीनं तपासली होती. लाखोळीचं खाणं कमी झालेलं दिसलं, आणि पांगळेपणाचे सापडले ते जुने, मोजके रुग्ण. रतन, प्रतीक, महातेवडा असे कमी विषाचे वाणही आता आहेत. एवढं सगळं मोजमाप साठ साली झालं असतं तर किती बांध्या पडीक राहिल्या नसत्या, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता घराकडं वळू. पाच माणसांचं घर आहे म्हणून पाच तोंडं, असं पोषणशास्त्रात धरत नाहीत. बसून काम करणारा पुरुष म्हणजे एक एकक. कष्टाचं काम करणारा गडी १.६, कष्टाची बाई १.२, घरात बसणारी म्हातारी ०.८, दहा वर्षांचा मुलगा ०.८, चार वर्षांची मुलगी ०.५. रोवणीच्या दिवसांत हे घर ४.९ एककांचं. उन्हाळ्यात काम हलकं झालं, गडी १.२ आणि बाई ०.९ वर आली, की तेच घर ४.२ चं. म्हणजे आषाढात कोठीतून जास्त निघालं पाहिजे, आणि नेमकी तेव्हाच कोठी तळाला गेलेली असते. हे कोष्टक बनवणाऱ्यांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.

पण या एककांत एक मोठी खोट आहे. घरात आलेलं अन्न गरजेप्रमाणे वाटलं जातं असं ते गृहीत धरतं. आपल्या घरात तसं वाटलं जातं का? बाई सगळ्यांच्या मागून बसते. उरलं ते तिचं. घराचा सरासरी आकडा चांगला दिसतो आणि सून मात्र अर्धपोटी असते. म्हणून ताट माणसागणिक मोजावं लागतं.

हे नीट करून पाहिलं ते पुण्याकडं. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत शेतकरी घरातल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. बाया कशा होत्या? सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. रोजचं खाणं अठराशे कॅलरींच्या आगंमागं, प्रथिनं ४५ ग्रॅम. बाळं झाली ती सरासरी २.७ किलोंची, विलायतेत साऊदम्प्टनला बाळ साडेतीन किलोंचं होतं. आणि गंमत अशी, की आपलं बाळ हाडामासानं बारीक असूनही त्याच्या कातडीखालची चरबी त्या मानानं कमी नव्हती. पुढं मोठेपणी साखरेचा आजार का जडतो, त्याचा एक धागा तिथं सापडला.

याच अभ्यासात पुण्याच्या आघारकर संस्थेच्या शोभा राव व इतरांनी २००१ साली दाखवलं, की नुसत्या कॅलरींच्या बेरजेशी बाळाच्या वजनाचं नातं जुळत नाही. ते जुळतं हिरव्या पालेभाजीशी, फळांशी, दुधाशी. या भाज्या जास्त वेळा खाणाऱ्या बायांची बाळं चांगली भरलेली होती. म्हणजे आपली परसातली चवळी, अंबाडी, शेवग्याचा पाला. दुकानातल्या डब्याचं नाव त्यात कुठं नाही.

पण या अभ्यासाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी कामही मोजलं. आधी बायांशीच बसून बोलले, दिवसभरात काय काय कामं करता ते विचारून घेतलं, आणि त्यावरून प्रश्नावली बनवली. पाणी आणणं, धुणं, शेतातलं काम. प्रत्येकाला किती वेळ लागतो आणि शक्ती किती जाते, त्याचा गुणाकार. २००३ साली निष्कर्ष छापून आला: गरोदरपणात जिचं काम जास्त, तिचं बाळ लहान. नुसतं वजनच कमी असं नाही, डोक्याचा घेरही कमी.

आता आपल्याकडची रोवणी डोळ्यांपुढं आणा. घोटाभर चिखलात, दिवसभर वाकून, पाठीवर पाऊस. ठेक्याची रोवणी असली तर जास्त एकर उरकण्याची घाई. नुसतं बसून राहण्याच्या तीन-चार पट शक्ती या कामाला जाते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या कोष्टकात कष्टाचं काम करणाऱ्या बाईला २,७२० कॅलरी लिहिल्या आहेत, गरोदर असेल तर रोज ३५० आणखी. वरच्या तीन वाट्या भाताच्या ७०० शी हा आकडा ताडून पाहा. दोन वेळा जेवली तरी निम्म्याचीच गोष्ट होते.

गड्यांचं उलट झालं आहे. नांगरणी ट्रॅक्टरनं, कापणी-मळणी यंत्रानं, वावरात जाणं मोटरसायकलनं. भाताचा ढीग मात्र बैलाच्या नांगरामागं चालणाऱ्या आजोबांच्याच मापाचा. २०२३ साली देशभरच्या मोठ्या पाहणीचा निकाल आला, त्यात खेड्यातही शंभरातले जवळपास नऊ प्रौढ मधुमेही निघाले. साखरेचा आजार शहरातल्या शेटजींचा, हे आता बोलू नये.

इथं एक गोष्ट सर्वेक्षण करणाऱ्यांनाही सांगितली पाहिजे. व्यायाम करता का, असं विचारलं तर शेतकरी नाही म्हणतो, आणि लिहिणारा त्याला आळशी म्हणून लिहितो! जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत काम, जाणं-येणं आणि फुरसत असे तीन वेगळे भाग आहेत ते याचसाठी. पण त्यातही ‘नेहमीचा आठवडा’ विचारतात. धानवाल्याचा नेहमीचा आठवडा कोणता? आषाढातला की चैत्रातला? विचारायला आलेल्याला हे बेधडक विचारा, आणि दोन्ही हंगामांचं वेगवेगळं लिहायला लावा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींसाठीही यात काम आहे. गावातल्या गरोदर बायांची यादी आशाताईकडं असते, वजनकाटा अंगणवाडीत असतो, पोरांचा दंड मोजायची पट्टीही असते. रोवणीच्या आधी एकदा आणि रोवणी संपल्यावर एकदा या बायांचं वजन घेऊन मांडलं, तर दोन महिन्यांत कुणाचं वाढलं आणि कुणाचं अडलं ते गावच्या आरोग्य व पोषण समितीला कळेल. त्याला ना हैदराबादची माणसं लागत, ना वेगळा निधी. रोजगार हमीचं काम, नळाची पाइपलाइन कोणत्या टोलीकडं आधी न्यायची, हेही त्या कागदावरून ठरवता येतं. डोक्यावरची गुंडी उतरली की तेवढी शक्ती पोटातल्या बाळाला राहते.

आणि सर्वेक्षणाची माणसं दारात आली, तर घरधन्यानं खाटेवर बसून उत्तरं देऊ नयेत. जिनं रांधलं तिला पुढं बसवा. तांदूळ मोजायचं घरचं माप, रोजची वाटी, सगळं बाहेर काढून दाखवा. तिनं स्वतः किती खाल्लं, हे मात्र तिला एकटीलाच सांगू द्या; सासूसमोर आणि नवऱ्यासमोर तो आकडा नेहमी वाढतो.