बिल्ल सुर्गमच्या गुहा

ज्यांनीं वेरूळचीं किंवा कार्ल्याचीं लेणीं पाहिलीं आहेत, त्यांस गुहा म्हटली कीं छिन्नी-हातोडा आठवतो. आंध्र प्रदेशांतील बिल्ल सुर्गमच्या गुहा मात्र पाण्यानें घडविल्या. पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून झिरपतांना किंचित् आम्ल होतें, चुनखडीच्या भेगांत शिरतें आणि तो दगड कणाकणानें विरघळवून नेतें. आमच्या दख्खनचा काळा पाषाण असा विरघळत नाहीं. शिवाय चुनखडींतील चुन्यामुळें हाडें लवकर कुजत नाहींत. म्हणूनच ह्या गुहा मोलाच्या.

गुंटकल-नंद्याल लोहमार्गावरील बेतमचेर्ला गांवाजवळ त्या आहेत. तेथल्या फरशीमुळें हें नांव कांहीं पालकांस परिचित असेल. न्यूबोल्ड नामक लष्करी अधिकाऱ्यानें १८४४ सालीं येथील हाडांची वार्ता प्रसिद्ध केली. पुढें १८८४ सालीं भूस्तरशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट व त्यांचे पुत्र हेन्री यांनीं उत्खनन आरंभिलें. तेथें लोपलेल्या जातीच्या एका गेंड्याचे अवशेष मिळाले. कर्नूलवरूनच त्या जातीचें नांव पडलें. दक्षिण भारताच्या रानांत आज एकही गेंडा नाहीं!

कांहीं हाडें मनुष्यानें घासून हत्यारें केलेलीं आहेत, असें फूट यांचें मत होतें. विद्वानांस तें दीर्घकाळ पटलें नाहीं, आणि त्यांचा संशय आम्हांस रास्त वाटतो. साळिंदर हाड कुरतडतें, तरस तें फोडतो, वाहतें पाणी तें गुळगुळीत करतें. मग मनुष्याचा हात ओळखावा कसा? हाड कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं पडलें होतें, हीच खरी साक्ष. १९७० च्या दशकांत एम. एल. के. मूर्ति यांनीं याच टापूंतील मुच्चट्ल चिंतामानु गवि ह्या गुहेंत दगडी पात्यांसह हाडांचीं हत्यारें शोधलीं. तेथल्या भाजलेल्या मातीचें वय सुमारें १७,००० वर्षें ठरलें, आणि फूट यांच्या म्हणण्यास बळ आलें.

यास्तव तेथें जाणाऱ्या विद्यार्थ्यानें एकही हाड वा खडा उचलूं नये. खिशांत घातलेलें हाड घरीं पोहोंचेल. त्याचा थर, त्याचे शेजारी कायमचे मागें राहतील. मशाल नेऊं नये, काजळी भिंतीस धरते. विजेची बत्ती न्यावी, शक्य तर दोन. पावसाळा टाळावा. कांहीं विशेष दिसल्यास जागेवरच त्याचें चित्र काढून, तें जमिनीपासून किती उंच व प्रवेशद्वारापासून किती पावलांवर आहे, हें त्याखालीं लिहावें.