कुठून आलात, हे विचारायचं कोणी?

एका टॅबमध्ये काम चालू असतं आणि शेजारच्या टॅबमध्ये आपण एखादी अनोळखी वेबसाइट उघडतो. तिथे आपण काही टाइप करत नाही, डाउनलोड करत नाही, कशावर क्लिकही करत नाही. तरीही शेजारच्या टॅबमध्ये काय चाललंय ते त्या वेबसाइटला कळू शकतं का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असंच असेल. पण मे 2025 मध्ये नेक्स्ट.जेएस या लोकप्रिय वेब फ्रेमवर्कमधली जी त्रुटी जाहीर झाली, तिने हे उत्तर चुकीचं ठरवलं.

वेबसाइट तयार होत असताना प्रोग्रामर ती आधी स्वतःच्याच संगणकावर चालवून बघतो. त्यासाठी एक छोटा सर्व्हर चालू ठेवावा लागतो, ज्याला ‘डेव्ह सर्व्हर’ म्हणतात. त्याचा पत्ता ‘लोकलहोस्ट’, म्हणजे हाच संगणक. तो बाहेरच्या जगाला दिसत नाही, मग धोका कसला, असा सर्वांचाच समज. पण नेक्स्ट.जेएसचा हा सर्व्हर चालू असताना प्रोग्रामरने एखादं घातकी पान उघडलं, तर ते पान सर्व्हरशी परस्पर बोलू शकत होतं आणि न प्रकाशित झालेल्या सोर्स कोडचा काही भाग बाहेर जाण्याची शक्यता होती. फायरवॉलचा इथे उपयोग नाही. बाहेरून कोणी आत शिरतच नाही, विनंती निघते ती आपल्याच ब्राउझरमधून.

त्रुटीची ही जात जुनी आहे. जर्मन सुरक्षातज्ज्ञ ख्रिश्चन श्नायडर यांनी 2013 मध्ये तिची सविस्तर मांडणी केली, तेव्हापासून ती ‘क्रॉस-साइट वेबसॉकेट हायजॅकिंग’ म्हणून ओळखली जाते.

वेबचा मूळ व्यवहार साधा आहे. ब्राउझर मागतो, सर्व्हर देतो, विषय संपला. पण चॅट, शेअर बाजाराचे हलते भाव, क्रिकेटचा धावफलक यांना हा व्यवहार पुरत नाही. त्यासाठी वेबसॉकेट आलं. डिसेंबर 2011 मध्ये ‘आरएफसी 6455’ या दस्तऐवजाने त्याचे नियम ठरले. जुना व्यवहार पत्रांचा असेल, तर हा फोनचा. एकदा लाइन जोडली की दोन्ही बाजू हवं तेव्हा बोलतात.

लाइन जोडतानाची पहिली विनंती जवळून बघण्यासारखी आहे, कारण सगळं तिथेच घडतं. तिच्यात ‘अपग्रेड: वेबसॉकेट’ अशी एक ओळ असते. ‘कुकी’च्या ओळीत आपल्या लॉगिनची खूण असते. ‘ओरिजिन’ नावाच्या ओळीत, ज्या वेबसाइटच्या पानावरून ही विनंती निघाली तिचा पत्ता असतो. सर्व्हरने ‘101’ या क्रमांकाचं उत्तर दिलं की लाइन चालू.

आता समजा, तुम्ही एका सेवेत लॉगिन केलेलं आहे आणि दुसऱ्या टॅबमधल्या घातकी पानाने त्याच सेवेकडे वेबसॉकेट मागितलं. कुकी त्या सेवेची आहे, म्हणून ब्राउझर ती सोबत जोडू शकतो. सर्व्हरने फक्त कुकी पाहिली, तर समोर तुम्हीच आहात असं त्याला वाटतं आणि तुमच्या नावाने उघडलेली लाइन परक्या पानाच्या हाती जाते. साध्या विनंत्यांच्या बाबतीत ब्राउझर एका वेबसाइटला दुसरीचं उत्तर वाचू देत नाही. वेबसॉकेटला ती आडकाठी लागू नाही. म्हणूनच ही त्रुटी नेहमीच्या बनावट विनंतीपेक्षा जास्त घातक. तिथे हल्लेखोर फक्त हुकूम सोडू शकतो, इथे तो उत्तरंही वाचतो.

नियम लिहिणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. ‘ओरिजिन’ची ओळ ब्राउझर स्वतः भरतो, पानावरच्या स्क्रिप्टला ती बदलता येत नाही. ती तपासून नको त्याला नकार द्यायचा, ही जबाबदारी मात्र सर्व्हरवर सोपवली. सर्व्हरने विचारलंच नाही, तर दार सताड उघडं.

क्रोमने 2020 मध्ये कुकींचे नियम कडक केले. परक्या साइटवरून निघालेल्या अशा विनंतीसोबत कुकी आपोआप पाठवणं बरंचसं थांबलं. बचाव चांगला, पण अपुरा. सगळ्या ब्राउझरांनी तो नियम जसाच्या तसा घेतलेला नाही. शिवाय एकाच मुख्य पत्त्याखालचे उप-पत्ते या नियमाच्या लेखी एकाच साइटचे ठरतात. 2023 मध्ये गिटपॉड या ऑनलाइन प्रोग्रामिंग सेवेत हेच आढळलं. वापरकर्त्यांच्या कामाच्या जागा गिटपॉडच्याच उप-पत्त्यांवर चालत. तिथून निघालेली विनंती घरचीच मानली जाई, कुकी सोबत जाई, आणि हल्लेखोराला दुसऱ्याच्या खात्याचा ताबा मिळवता येत होता.

लोकलहोस्टवरच्या डेव्ह सर्व्हरला तर लॉगिनच नसतं. तिथे कुकींचे नियम कितीही कडक केले, तरी फरक पडत नाही. वेबपॅक या साधनाच्या डेव्ह सर्व्हरमध्ये 2018 मध्ये हीच त्रुटी सापडली. जानेवारी 2025 मध्ये व्हीट या तशाच साधनात सापडली, तिथे बदललेल्या फाइलींचे मार्ग आणि चुकांचे संदेश परक्या पानाला ऐकता येत होते. चार महिन्यांनी नेक्स्ट.जेएसचा क्रमांक लागला. तीन वेगळे प्रकल्प, कारण एकच: ‘ओरिजिन’ तपासलं नव्हतं.

याचा दोष एकट्या प्रोग्रामरवर ढकलणं मला मान्य नाही. फ्रेमवर्क जे आयतं देतं, त्यावर हजारो टीम विसंबून असतात. स्प्रिंगने 4.1.5 या आवृत्तीपासून परक्या ओरिजिनला आपणहून नकार द्यायला सुरुवात केली. रेल्सची अॅक्शन केबलही मुळातच ही तपासणी करते. जँगो चॅनेल्समध्ये मात्र तपासणीचं आवरण प्रोग्रामरला स्वतः गुंडाळावं लागतं, विसरलं की संपलं. सुरक्षित वागणं आयतं मिळायला हवं आणि ते बंद करण्यासाठी कष्ट पडायला हवेत. फ्रेमवर्क बनवणाऱ्यांचं हे कर्तव्यच आहे.

अर्थात आयती मिळालेली सुरक्षा हाताने काढून टाकणारेही आहेत. गो भाषेतलं गोरिला वेबसॉकेट मुळात परकी ओरिजिन नाकारतं. पण चाचणीच्या वेळी अडचण येते, म्हणून ‘चेकओरिजिन’मध्ये सरळ ‘रिटर्न ट्रू’, म्हणजे ‘कोणीही चालेल’, असं लिहिलं जातं. ती ओळ मग तशीच प्रत्यक्ष वापरात जाते.

सामान्य वापरकर्त्याने दोन गोष्टी कराव्यात. ब्राउझर अद्ययावत ठेवावा आणि महत्त्वाच्या सेवेतलं काम संपलं की लॉगआउट करावं. प्रोग्रामर मंडळींनी परवानगी असलेल्या ओरिजिनची नेमकी यादी ठेवावी, आणि लाइन जोडताना कुकीखेरीज अंदाज न बांधता येणारं टोकनही मागावं. व्हीटने दुरुस्तीत असंच टोकन आणलं.

पुढच्या वेळी कामाला बसाल, तेव्हा आधी आवृत्त्या तपासा. नेक्स्ट.जेएस किमान 14.2.30 किंवा 15.2.2 हवं, व्हीट किमान 6.0.9, 5.4.12 किंवा 4.5.6. आणि आपल्या कोडमध्ये ‘चेकओरिजिन’ शोधा. तिथे ‘रिटर्न ट्रू’ दिसलं, तर दुसरं कुठलंही काम हाती घेण्याआधी ते काढा.