ओकिनावाचे कराटे शिकायला जाताना : वाकणे, झाडू आणि 'नुसते पुढे-मागे'

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेतील सोळा मुले-मुली कराटेच्या क्लासला जाऊ लागली. क्लास ओकिनावाच्या गोजू रियू परंपरेचा. दिवाळीपर्यंत सातच उरली. आम्ही कार्यकर्ते सोडून गेलेल्या नऊ जणांच्या घरी गेलो आणि कारण विचारले. फीची अडचण दोघांचीच होती. बाकीच्यांचे म्हणणे वेगळे निघाले.

एक मुलगा म्हणाला, "दादा, तिथे झाडू मारायला लावतात." एक मुलगी म्हणाली, "ताई, आत जाताना वाकायचं, बाहेर येताना वाकायचं, सरांसमोर वाकायचं. आपण तर हे सगळं सोडलंय ना?" आणि उरलेल्यांची एकच तक्रार, "तीन महिने झाले, नुसतं पुढे-मागे चालवतात. फाइट कधी शिकवणार?"

हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. चूक मुलांची नव्हती, आमची होती. आपण कुठे चाललो आहोत, तिथे काय शिकवतात आणि तसेच का शिकवतात, हे न सांगता आम्ही त्यांना पाठवले होते. म्हणून हा लेख. जे तरुण-तरुणी नव्याने कराटे शिकायला जाणार आहेत आणि जे कार्यकर्ते मुलांना तिथे पाठवणार आहेत, त्या दोघांसाठी.

ही कला कुणाची?

कराटे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जपान येतो. पण कराटे जन्मले ते ओकिनावात, आणि ओकिनावा तेव्हा जपान नव्हते. ते र्युक्यू नावाचे वेगळे राज्य होते. त्याची भाषा वेगळी, राजा वेगळा, आणि चीनशी जुना व्यापार. १६०९ मध्ये जपानमधील सात्सुमाच्या सरदारांनी ते जिंकून आपल्या वर्चस्वाखाली आणले. १८७९ मध्ये जपानने राज्यच बरखास्त केले आणि ओकिनावा हा जपानचा एक प्रांत झाला.

त्यानंतर तिथल्या माणसांना कमी लेखले जाऊ लागले. शाळेत स्वतःच्या भाषेत बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. १९०३ मध्ये ओसाका शहरातील औद्योगिक प्रदर्शनाच्या वेळी एका मांडवात ओकिनावाच्या स्त्रियांना 'नमुना' म्हणून लोकांना दाखवण्यासाठी बसवले होते. ओकिनावातून त्याचा जोरदार निषेध झाला. ज्या समाजाची कला आज जगभर शिकवली जाते, तो समाज या अनुभवातून गेला आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

या कलेला तिथे साधे 'ते' म्हणत, म्हणजे हात. शुरी, नाहा आणि तोमारी या तीन गावांच्या नावाने तिच्या तीन धारा ओळखल्या जात. राजाने शस्त्रे काढून घेतली म्हणून गरीब शेतकऱ्यांनी ही कला शोधली, अशी गोष्ट आपण ऐकतो. ऐकायला ती छान वाटते. पण ज्या जुन्या गुरूंची नावे आपल्यापर्यंत आली आहेत, त्यांतले बरेचसे राजदरबारी चाकरी करणाऱ्या प्रतिष्ठित घरांतले होते. शिकवणे खासगीत चाले, मोजक्या शिष्यांना. विद्या बंद दाराआड होती.

ते दार उघडले शिक्षकांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आन्को इतोसु यांनी कराटे शाळांत नेले. मुलांना झेपतील असे पाच 'पिनान' काता त्यांनी बसवले. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. १९०८ मध्ये त्यांनी दहा मुद्द्यांचे एक पत्र लिहून कराटे शाळांत का शिकवावे ते मांडले. त्या पत्रात सैन्यासाठी चांगले जवान तयार होतील असाही युक्तिवाद आहे. तो काळच तसा होता आणि हेही लपवू नये. पुढे १९४० च्या सुमारास गोजू रियूचे संस्थापक चोजुन मियागी यांनी 'गेकिसाई' हे सोपे काता तयार केले, तेही शाळकरी मुले आणि नवशिके डोळ्यांसमोर ठेवून. आज नवा विद्यार्थी गोजू रियूच्या क्लासमध्ये सुरुवातीला जो काता शिकतो, तो बहुधा हाच असतो. म्हणजे नवशिक्याचा अभ्यासक्रम हा त्या दार उघडण्याचाच भाग आहे.

बोधिधर्मांचे काय?

आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो. भारतातून गेलेल्या बोधिधर्मांनी चीनमध्ये मार्शल आर्ट सुरू केले आणि त्यातूनच कराटे आले, असे पोस्टर आपल्या मोबाईलवर फिरत असतात. मोह होतो, पण सत्य काय आहे? बोधिधर्मांचे नाव या व्यायामप्रकारांशी जोडणारा चिनी ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे त्यांच्या काळानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. आणि इतोसु यांच्या त्या पत्राची सुरुवातच कराटे बौद्ध किंवा कन्फ्यूशियन परंपरेतून आलेले नाही, असे सांगून होते. चीनमधील युद्धकलांचा प्रभाव मात्र खरा आहे. मियागी यांचे गुरू कान्र्यो हिगाओन्ना चीनच्या फुझौ शहरात राहून शिकले होते.

ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको. कराटे आपल्या मुलांनी शिकावे, यासाठी ते 'आपलेच' असल्याचा पुरावा लागत नाही.

वाकायचे का?

आता त्या मुलीचा प्रश्न. डोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, शिरताना वाकतात. त्याला 'रेई' म्हणतात. आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या सक्तीने वाकवले गेले, म्हणून आपल्या मुलांना हे खटकते आणि खटकलेच पाहिजे.

पण रेई आणि पाया पडणे यात फरक आहे. रेई दोन्ही बाजूंनी असते. विद्यार्थी वाकतो तेव्हा शिक्षकही वाकतो. जोडीदाराबरोबर सराव सुरू करण्याआधी दोघेही वाकतात आणि संपल्यावर पुन्हा दोघेही. अर्थ एवढाच की, मी तुझ्यावर हात उचलणार आहे, पण तुला इजा करण्यासाठी नाही. आम्ही त्या मुलीला म्हणालो, "एक दिवस ये आणि फक्त बघ. सर किती वाकतात ते बघ." ती आली, भिंतीला टेकून तासभर बसली. सर पहिलीच्या पोरासमोरही तेवढेच वाकत होते. पुढच्या सोमवारी ती सरावाला उभी राहिली.

रांगेत पुढे कोण उभे राहणार, हे तिथे किती वर्षे शिकला त्यावर ठरते. आडनावावर नाही, घरावर नाही. जिथे शिक्षक उलट वाकत नाही, पाया पडायला लावतो, अपमान करतो किंवा मुलांना मारतो आणि त्याला 'परंपरा' म्हणतो, तिथून मुलांना बाहेर काढा.

झाडू कुणाच्या हातात?

ओकिनावात आणि जपानमध्ये शाळेतले वर्ग मुलेच झाडतात. डोजोचेही तसेच. अनवाणी सराव करायचा असतो, एक खडा पायात गेला तरी पाय कापतो. शिवाय जागा सगळ्यांची असेल तर तिची निगाही सगळ्यांची.

तरीही ज्यांच्या आजोबांच्या हातात जातीने झाडू दिला, त्यांच्या नातवाला तो टोचणारच. म्हणून आम्ही एक साधी कसोटी ठरवली : झाडू कुणाकुणाच्या हातात जातो? ब्लॅक बेल्टही झाडतो का? सोसायटीतली मुले आणि वस्तीतली मुले, दोघांची पाळी येते का? मुलगे झाडतात की फक्त मुली? सगळे झाडत असतील तर झाडूचा अर्थच बदलतो. तो कुणा एका जातीचा राहत नाही. एकाच गटाला झाडायला लावत असतील तर तिथे प्रश्न विचारा, मोठ्याने विचारा. आमच्या क्लासमध्ये आम्ही विचारले. सरांनी दुसऱ्याच दिवशी पाळीचा तक्ता भिंतीवर लावला.

'नुसते पुढे-मागे' म्हणजे काय?

तिसरी तक्रार सरावाबद्दलची. गोजू रियूचा पाया 'सांचिन' हा काता आहे. नावाचा अर्थ तीन लढाया. मन, शरीर आणि श्वास यांची ती लढाई, असा अर्थ बहुतेक शिक्षक सांगतात. मियागी यांनी बसवलेल्या सांचिनमध्ये वळणे नाहीत. पुढे जायचे आणि मागे यायचे. आमची मुले ज्याला कंटाळली ते हेच.

बाहेरून बघताना काहीच दिसत नाही. आत मात्र बरेच काही चाललेले असते. पायांत खांद्याएवढे अंतर. पुढच्या पायाची टाच आणि मागच्या पायाची बोटे साधारण एका रेषेत. बोटे किंचित आत वळलेली, गुडघे थोडे वाकलेले, कंबर सरळ. पाऊल उचलून टाकायचे नाही, जमिनीला घासत अर्धवर्तुळात पुढे न्यायचे आणि डोके वर-खाली होऊ द्यायचे नाही. खांदे खाली. श्वास नाकाने घ्यायचा, तोंडाने सोडायचा आणि तो हालचालीबरोबर जुळवायचा. यातली एकच गोष्ट करून बघा, जमते. सगळ्या एकदम करून बघा, मग कळते.

धक्का बसला तरी पाय जमिनीवरून न सुटणे आणि घाबरल्यावरही श्वास न अडकणे, या दोन गोष्टी त्यातून येतात. रस्त्यावर किंवा बसमध्ये कुणी अंगावर आले तर पहिल्या क्षणाला बहुतेक माणसे गोठतात, श्वास रोखून धरतात. उंच लाथ तिथे कामाला येत नाही. उभे राहता येणे आणि श्वास घेता येणे कामाला येते. गेकिसाई काताची पहिली हालचालही हल्ल्याची नसते, डोक्यावर येणारा वार अडवण्याची असते. कुणाचा तरी बदला घ्यायचा म्हणून शिकायला आलेल्या मुलाला हा क्रमच हळूहळू थंड करतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

बेल्टच्या मागे लागू नका

रंगीत बेल्ट ओकिनावाच्या जुन्या परंपरेत नव्हते. दर्जाची ही पद्धत ज्युदोतून आली. टोकियोत गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट दिले. चोजुन मियागी यांनी तर १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत आपल्या शिष्यांना दान, म्हणजे ब्लॅक बेल्टचे दर्जे, दिले नाहीत. आज बेल्ट सर्वत्र आहेत आणि मुलांना त्यातून उत्साहही येतो. पण दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि दर परीक्षेला नवी फी असा प्रकार असेल, तर गरीब घरातले मूल फीमुळे मागे राहते आणि आपण 'कच्चे' आहोत असे समजते. मुलाचे नाव घालण्याआधीच वर्षभराचा पूर्ण खर्च विचारा : महिन्याची फी, गणवेश, परीक्षा, प्रमाणपत्र, स्पर्धा.

पहिल्या महिन्यासाठी

- नाव घालण्याआधी एक पूर्ण क्लास बसून पाहा. पालकांना बसू न देणारा क्लास निवडू नका.
- सुरुवातीला गणवेश विकत घेऊ नका. सैल पँट आणि टी-शर्ट पुरतो.
- नखे कापा. अंगठी, साखळी, कडे, कानातले काढून ठेवा. सुरुवातीच्या दुखापती बऱ्याचदा यामुळेच होतात.
- दमा, फिट, जुने फ्रॅक्चर, रक्तदाब असेल तर सरांना पहिल्याच दिवशी सांगा. सांचिनमध्ये श्वास कोंडून जोर लावू नका.
- इची, नी, सान, शी, गो, रोकू, शिची, हाची, क्यू, जू. एक ते दहा हे आकडे घरीच पाठ करून जा. निम्मी भीती तिथेच जाते.
- अंगठा मुठीच्या आत घालू नका. अंगठा बाहेर, दुमडलेल्या बोटांवर.
- मुठी आपटायचा लाकडी खांब म्हणजे माकिवारा आणि वजनाची दगडी साधने यांना पहिले काही महिने हात लावू नका. लहान मुलांनी तर नाहीच. हाडे अजून वाढत असतात.
- मुलींसाठी : कुठे स्पर्श करून शिकवतात, कपडे बदलायला जागा आहे का, मोठी मुलगी किंवा महिला शिक्षक असते का, हे स्पष्ट विचारा. नकोसा स्पर्श झाला तर त्याच दिवशी घरी आणि आम्हा कार्यकर्त्यांना सांगा.
- निदान सहा महिने द्या. त्याआधी 'जमत नाही' हा निष्कर्ष काढू नका.

१९४५ च्या युद्धात ओकिनावा उद्ध्वस्त झाले. दोन लाखांहून अधिक माणसे मेली, त्यांत कराटेचे शिक्षकही होते. मियागी यांचे प्रमुख शिष्य जिनआन शिंझातो त्याच युद्धात गेले. वाचलेल्यांनी पडक्या गावांत पुन्हा शिकवायला सुरुवात केली. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये काता प्रकाराचे पुरुषांचे सुवर्णपदक ओकिनावाच्या र्यो कियुना यांनी जिंकले. ओकिनावाला मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. त्या कातामागेही रोजचे पुढे-मागे होतेच.

यंदा आमच्या अभ्यासिकेतून अकरा नवी मुले-मुली जाणार आहेत. या वेळी आम्ही आधी त्यांना एकत्र बसवून हे सगळे सांगणार आहोत, आणि तिघा जुन्या विद्यार्थ्यांना त्यांच्यासोबत पाठवणार आहोत. तुमच्या वस्तीतली मुले जात असतील तर पहिल्या आठवड्यात तुम्हीही एकदा जाऊन बसा. शिक्षक उलट वाकतो का ते पाहा. झाडू कुणाच्या हातात आहे ते पाहा. दोन्ही ठीक असेल, तर मुलांना निर्धास्त 'पुढे-मागे' करू द्या.