थोडका पैसा, पुष्कळ विद्यार्थी : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा हिशेब

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

साधने मर्यादित असतात आणि गरजा अमर्याद, हे अर्थशास्त्राचे पहिले वाक्य आपण सर्वांनी पाठ केलेले असते. परीक्षेत ते लिहून गुण मिळाले की आपण ते विसरतो. मला ते पुन्हा आठवले ते वर्गातल्या रिकाम्या बाकांमुळे. माझ्याबरोबर प्रथम वर्षाला नाव घातलेले कितीतरी जण आज तृतीय वर्षात दिसत नाहीत. त्यांतले सगळेच काही नापास झालेले नाहीत. कोणाच्या घरी आजारपण निघाले, कोणाला एस.टी.च्या पासाचे पैसे वेळेवर जमले नाहीत, कोणी सुटीपुरते म्हणून कामाला लागला तो परत आलाच नाही. अशा विद्यार्थ्यांना थांबवून धरण्यासाठी महाविद्यालयाने पैसा खर्च करावा, हे कोणीही मान्य करील. पण पैसा थोडा असेल तर तो कोणावर आणि कशावर खर्च करावा? या प्रश्नाचा शोध घेताना मला अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा अनुभव फार बोलका वाटला. तोच या लेखात मांडण्याचा विचार आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय. येथे दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी मिळते. ती घेऊन विद्यार्थी नोकरीला लागतो किंवा विद्यापीठात जाऊन उरलेली दोन वर्षे पुरी करतो. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. आज त्या देशात अशी सुमारे एक हजार महाविद्यालये आहेत.

या महाविद्यालयांचे ब्रीद एकच, ते म्हणजे दार सर्वांना उघडे. गुणांची अट नाही, वयाची नाही. त्यामुळे दिवसा दुकानात काम करून संध्याकाळी वर्गात बसणारा तरुण, दोन मुलांची आई, नुकताच देशात आलेला निर्वासित असे सगळे एकाच बाकावर दिसतात. निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ शिकणारे असतात. अर्थात, ज्यांना मदतीची सर्वांत अधिक गरज तेच येथे येतात. आणि दर विद्यार्थ्यामागे खर्चायला विद्यापीठांपेक्षा पैसा मात्र कमी असतो. दार उघडे असले तरी दोन वर्षांचा हा प्रवास तीन वर्षांतसुद्धा पुरा न करणारेच अधिक. शिक्षणतज्ज्ञांच्या तोंडी ‘विद्यार्थी-यश’ हा शब्द आला तो या गळतीमुळे. सल्लागार, जादा शिकवणी, पुस्तके, प्रवासखर्च, अडीअडचणीची मदत, मुलांसाठी पाळणाघर हे सगळे त्या एका शब्दात येते.

पैसा येतो कोठून, जातो कोठे?

महाविद्यालयाचे उत्पन्न मुख्यतः तीन वाटांनी येते. राज्याचे अनुदान, पुष्कळ राज्यांत स्थानिक मालमत्ता-करातील वाटा आणि विद्यार्थ्यांची फी. केंद्र सरकारची ‘पेल’ शिष्यवृत्ती असते, पण ती विद्यार्थ्याच्या नावाने असते. जमा रकमेतील मोठा भाग पगारांत जातो. इमारत, वीज, विमा भागवून जे उरते त्यातून, आणि खास कामासाठी बांधून दिलेल्या अनुदानातून, विद्यार्थी-यशाच्या योजना चालवायच्या.

कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण घेऊ. तेथे शंभराहून अधिक कम्युनिटी कॉलेजे आहेत. १९६९ साली तेथे गरीब आणि मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांना सल्ला, पुस्तके आणि आर्थिक आधार देणारी योजना सुरू झाली. ती आजही चालू आहे. २०१२ साली विद्यार्थी-यशाचा स्वतंत्र कायदा झाला. २०१८ साली तीन वेगवेगळ्या योजनांचा पैसा एकत्र करून एकच निधी करण्यात आला. सुरुवातीला त्याची वार्षिक रक्कम सुमारे ४७ कोटी ५० लाख डॉलर होती. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण तो शंभरावर महाविद्यालयांत आणि लक्षावधी विद्यार्थ्यांत वाटला की डोईमागे फारसे हाती लागत नाही.

महाविद्यालयात ही वाटणी एकटा प्राचार्य करीत नाही. १९८८ च्या एका कायद्याने कॅलिफोर्नियात प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांना कारभारात सहभाग मिळाला. प्रत्येक विभाग आपल्या कामाचा आढावा लिहितो आणि मागण्या मांडतो. समिती त्यांचा क्रम लावते. या क्रम लावण्यात दोन अडचणी नेहमी आड येतात.

पहिली अडचण पैशाच्या जातीची. काही पैसा दरवर्षी येणारा असतो, काही एकदाच मिळणारा. पाच वर्षांच्या अनुदानावर चार सल्लागार नेमले आणि सहाव्या वर्षी अनुदान थांबले, तर त्यांचा पगार कोठून द्यायचा? त्यामुळे एकरकमी पैशातून संगणक आणि पुस्तके घेतली जातात. माणसे नेमायला सगळे कचरतात. आणि विद्यार्थ्याला खरी गरज असते ती माणसाची.

दुसरी अडचण नियमाची. कॅलिफोर्नियात एक जुना कायदा आहे. शिक्षणावरील चालू खर्चापैकी निदान निम्मा खर्च वर्गात शिकविणाऱ्यांच्या वेतनावर झाला पाहिजे, असे तो सांगतो. हेतू चांगला आहे. व्यवस्थापनाने पैसा कचेऱ्यांवर उधळू नये. पण या हिशेबात सल्लागार आणि ग्रंथपाल ‘वर्गाबाहेरचे’ ठरतात! म्हणजे गळती थांबविण्यासाठी सल्लागार वाढवावेत तर कायद्याचा काटा उलट बाजूला झुकतो.

सगळ्यांना थोडे, की थोड्यांना पुरेसे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हाती असलेला पैसा सर्वांना थोडा थोडा वाटावा, की थोड्या विद्यार्थ्यांना पुरेल इतका द्यावा? पहिल्या मार्गाने कोणी नाराज होत नाही, म्हणून समित्यांना तो आवडतो. दुसरा मार्ग न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने आपल्या सहा कम्युनिटी कॉलेजांत २००७ साली धरला. त्या योजनेचे लघुनाव ‘असॅप’.

असॅपमध्ये विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे, कच्चे विषय सुरुवातीलाच उरकायचे आणि तीन वर्षांच्या आत पदवी मिळविण्याचे ध्येय ठेवायचे. त्याच्या बदल्यात शिष्यवृत्ती वजा जाता उरलेली फी माफ, क्रमिक पुस्तके फुकट, भुयारी रेल्वेचा व बसचा पास फुकट. शिवाय शिकवणी, नोकरीविषयक मार्गदर्शन आणि स्वतःचा असा सल्लागार. एरवी त्या महाविद्यालयांत एका सल्लागाराच्या वाट्याला सहाशे ते पंधराशे विद्यार्थी येत. असॅपमध्ये साठ ते ऐंशी. पासाचीही एक खुबी होती. योजनेत नीट भाग घेणाऱ्याला, सल्लागाराला ठरल्याप्रमाणे भेटणाऱ्यालाच तो मिळे. म्हणजे ज्या पासावाचून विद्यार्थी घरी बसला असता, तोच पास त्याला सल्लागाराच्या दारात आणून उभा करी.

या योजनेची पारखही काटेकोर झाली. २०१० साली तीन महाविद्यालयांतील ८९६ गरीब विद्यार्थी निवडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला असॅप, दुसऱ्याला नेहमीच्या सोयी. एम.डी.आर.सी. या संशोधन संस्थेने २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन वर्षांत नेहमीच्या गटातील सुमारे २२ टक्के विद्यार्थ्यांना पदवी मिळाली, तर असॅप गटातील सुमारे ४० टक्क्यांना. पुढे ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांत हाच प्रयोग झाला, तेव्हा हे प्रमाण १९ आणि ३५ टक्के असे निघाले. म्हणजे न्यूयॉर्कचे यश हा केवळ योगायोग नव्हता.

पण खर्चाचे काय? असॅपच्या विद्यार्थ्यावर तीन वर्षांत सुमारे ६३ टक्के अधिक खर्च झाला. अंदाजपत्रक मांडणारा माणूस येथेच फाइल बंद करील. आपण ती थोडी उघडी ठेवू.

समजा, नेहमीच्या पद्धतीत दर विद्यार्थ्यामागे १०० रुपये लागतात. शंभर विद्यार्थ्यांना १०,००० रुपये. पदवीधर झाले २२. म्हणजे एका पदवीधरामागे सुमारे ४५५ रुपये. असॅप पद्धतीत शंभर विद्यार्थ्यांना १६,३०० रुपये. पदवीधर ४०. म्हणजे एका पदवीधरामागे सुमारे ४०८ रुपये! प्रत्यक्ष पाहणीत ही बचत सुमारे ११ टक्के निघाली. जी योजना ‘दर विद्यार्थ्यामागे’ महाग, तीच ‘दर पदवीधरामागे’ स्वस्त. भागिले कशाने करायचे ते बदलले की उत्तर बदलते.

मग सगळीकडे असॅप का नाही?

हा हिशेब पाहून प्रथम मलाही वाटले की प्रश्न सुटला. परंतु गणित आणखी एक पाऊल पुढे न्यावे लागते. महाविद्यालयाकडे १६,३०० रुपये नाहीतच, १०,०००च आहेत. तेवढ्यात असॅप पद्धतीने फक्त ६१ विद्यार्थी शिकतील. त्यांतून २४ पदवीधर होतील, म्हणजे पूर्वीच्या २२ हून थोडे अधिक. पण उरलेल्या ३९ जणांना दारातूनच परत पाठवावे लागेल. आणि ‘दार सर्वांना उघडे’ हेच तर या महाविद्यालयांचे ब्रीद! शिवाय जो पदवीधर झाला त्याला चांगली नोकरी मिळते, तो अधिक कर भरतो. हा लाभ त्याला, त्याच्या कुटुंबाला, समाजाला आणि सरकारला मिळतो. महाविद्यालयाच्या तिजोरीत त्यातले काही येत नाही. खर्च एकाने करायचा आणि फळ दुसऱ्याने घ्यायचे, अशी ही मांडणी आहे.

त्यात अनुदानाची रीत भर घालते. कॅलिफोर्नियात पुष्कळशा विषयांची विद्यार्थिसंख्या सत्राचा सुमारे एक पंचमांश भाग उलटल्यावर मोजतात. त्यानंतर विद्यार्थी गळाला तरी महाविद्यालयाचे अनुदान बुडत नाही. हे ओळखून २०१८ साली राज्याने सूत्र बदलले. ढोबळ मानाने ७० टक्के अनुदान संख्येवर, २० टक्के गरीब विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर आणि १० टक्के पदवी मिळविण्यासारख्या यशावर. हे प्रमाण विचारपूर्वक ठेवलेले दिसते. सगळे अनुदान यशावर दिले तर जे हमखास पार होतील अशांनाच घेण्याचा मोह महाविद्यालयांना होईल. म्हणून गरिबांसाठी वेगळा वाटा ठेवला. यश मोजायलाच हवे, पण ते सोपे विद्यार्थी वेचून मिळवलेले नसावे.

असॅपवरही हा आक्षेप काही अंशी लागू पडतो. पूर्णवेळ शिकण्याची अट पाळता येते ती ज्याला दिवसभराचे काम सोडता येते त्याला. दोन मुलांची आई तेथे कशी येणार? जिला मदतीची गरज सर्वांत अधिक, तिला मदतीची अटच अडवते. या प्रश्नाचे सोपे उत्तर मला कोठे सापडले नाही.

एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. सगळीच सुधारणा पैशाने होत नाही. पूर्वी कॅलिफोर्नियात प्रवेशाच्या वेळी एक चाचणी घेऊन हजारो विद्यार्थ्यांना गणित आणि इंग्रजीच्या पूर्वतयारीच्या वर्गांत बसवीत. एकापाठोपाठ असे दोन-तीन वर्ग करता करताच पुष्कळ जण थकून निघून जात. २०१७ साली कायदा झाला की, शाळेतील गुण पाहून शक्य तितक्या विद्यार्थ्यांना सरळ महाविद्यालयीन वर्गात बसवावे आणि लागल्यास जोडीला आधारवर्ग द्यावा. त्यानंतर पहिल्या वर्षात हे विषय पार करणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली. नापास होणारेही आहेत, आणि प्राध्यापकांत यावर आजही वाद आहे. तरीही वाटेतला एक उंबरठा काढून टाकणे ही सुद्धा मदतच, आणि ती स्वस्तातली मदत.

आपल्यापुरते

परदेशातील या गोष्टीशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. फी माफ केली तरी राहण्याजेवणाची सोय नसेल तर खेड्यातला मुलगा टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. न्यूयॉर्कचा रेल्वे पास आणि साताऱ्याची भाकरी या दोहोंमागे विचार एकच आहे : विद्यार्थी गळतो तो बहुधा वर्गाबाहेरच्या कारणाने, म्हणून मदतही वर्गाबाहेर पोचली पाहिजे.

आपल्या महाविद्यालयांतही विद्यार्थी साहाय्य निधी असतो, ‘कमवा आणि शिका’ योजना असते. वर्षअखेर अहवालात येते ते इतकेच की, अमुक विद्यार्थ्यांना अमुक रक्कम वाटली. त्याच ओळीखाली आणखी एक ओळ असावी असे मला वाटते : या विद्यार्थ्यांपैकी किती जण पुढच्या वर्गात आले, आणि जे आले नाहीत ते का आले नाहीत? ही ओळ लिहायला पैसा लागत नाही. हजेरीपट आणि थोडी चौकशी पुरते. पण ती लिहिली गेली तर पुढल्या वर्षी निधी वाटणाऱ्यांना समजेल की दहा जणांना वह्या द्याव्यात, की दोघांचा वर्षभराचा पास भरावा. पैसा थोडा असला म्हणजे तो कोठे गेला एवढे कळून भागत नाही. त्यातून कोण टिकले, हेही कळावे लागते.