विरून जाणारा आधार : कोलॅजेनपासून घडलेल्या कृत्रिम त्वचेचा परिचय

मानवी शरीराचे सर्व भाग सारख्या रीतीने भरून येत नाहीत. यकृताचा काही भाग काढला तरी ते पुन्हा वाढते, मोडलेले हाड नीट बसवले तर सांधते आणि त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्रा, म्हणजे बाह्यत्वचा, खरचटल्यानंतर काही दिवसांत नव्याने येतो. परंतु त्याखालची जाड आणि चिवट अंतस्त्वचा एकदा पूर्ण खोलीपर्यंत नष्ट झाली, की प्रौढ माणसाच्या शरीरात ती पुन्हा घडत नाही. अशा वेळी जखमेच्या कडा आत ओढल्या जातात आणि उरलेली जागा वणाच्या घट्ट ऊतीने भरून निघते. लहानशा जखमेत याने फारसे बिघडत नाही, पण मान, काख, कोपर किंवा बोटांचे सांधे होरपळले असतील तर हाच वण आखडत जाऊन मान वळेनाशी होते, हात वर उचलवत नाही आणि बोटे तळव्याकडे कायमची मुडपतात. अमेरिकेतील बॉस्टन आणि केंब्रिज या शेजारच्या शहरांत १९७० च्या दशकात घडलेली आणि पुढे ‘इंटेग्रा’ या नावाने बाजारात आलेली कोलॅजेनची आधारजाळी हे या मर्यादेवर मात करण्याच्या प्रयत्नांतील एक मोठे यश आहे. तिचे महत्त्व समजून घ्यायचे, तर भाजलेल्या जखमेची अडचण, कोलॅजेन या प्रथिनाचा स्वभाव आणि त्याला रूप देण्याची कृती या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

खोल भाजलेल्या रुग्णाच्या जिवाला पहिला धोका असतो तो उघड्या पडलेल्या शरीराचा. त्वचा नसल्याने अंगातील पाणी, क्षार आणि उष्णता झपाट्याने निघून जाते आणि मृत ऊतींवर जंतू वाढू लागतात. म्हणून जळालेली त्वचा लवकरात लवकर कापून काढावी आणि जखम झाकावी, ही उपचाराची दिशा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. झाकण्यासाठी सर्वोत्तम साधन म्हणजे रुग्णाच्याच मांडीची किंवा पाठीची पातळ सोललेली त्वचा. मात्र निम्म्याहून अधिक शरीर भाजले असेल, तर पुरेशी निरोगी त्वचा आणायची कोठून, हा प्रश्न उरतो. मृत व्यक्तीच्या दान केलेल्या त्वचेने काही आठवडे निभावून नेता येते, आणि मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली सुरू झालेली त्वचापेढी याच गरजेतून उभी राहिली. परंतु परकी त्वचा शरीर कालांतराने नाकारते, त्यामुळे ती तात्पुरतेच आवरण ठरते.

कायमच्या उत्तरासाठी संशोधक ज्या पदार्थाकडे वळले, ते कोलॅजेन सस्तन प्राण्यांच्या शरीरात सर्वाधिक आढळणारे प्रथिन असून एकूण प्रथिनांचा सुमारे एक तृतीयांश भाग त्याचा असतो. त्याचे २८ प्रकार ओळखले गेले आहेत आणि त्यांपैकी पहिला प्रकार त्वचा, हाडे आणि कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे पांढरे पट्टे, यांत मुबलक असतो. या प्रथिनाचा रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर रुंद असतो आणि एकमेकींभोवती पिळलेल्या तीन साखळ्यांनी तो बनतो. ही तिहेरी रचना प्रथम मांडली गेली ती मद्रास विद्यापीठात. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी क्ष-किरणांच्या विवर्तनावरून १९५४ साली तीन साखळ्यांचे प्रारूप प्रसिद्ध केले आणि १९५५ साली त्यात सुधारणा करून त्या साखळ्या परस्परांभोवती पिळलेल्या दाखवल्या. या कामासाठी कांगारूच्या शेपटीतील कंडरेचा नमुना त्यांना जवळच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळाला होता. कातडी कमावण्याच्या धंद्यासाठी १९४८ साली स्थापन झालेली संस्था आणि रेणूंची रचना शोधणारे भौतिकशास्त्रज्ञ शेजारी होते, हा योगायोग विज्ञानाला फार फलदायी ठरला.

या रचनेचे मर्म एका साध्या नियमात आहे. साखळीतील दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते, कारण तीन साखळ्यांच्या मधोमध उरणाऱ्या अरुंद जागेत सर्वांत लहान असे तेवढेच मावते. उरलेल्या जागांवर प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन मोठ्या प्रमाणात असतात; त्यांतील हायड्रॉक्सिप्रोलिन रेणूला उष्णतेत टिकाव देते आणि ते तयार होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. स्कर्व्ही या रोगात हिरड्यांतून रक्त येते आणि जुन्या जखमा उकलतात, त्याचे कारण शरीराला धड कोलॅजेन बनवता येत नाही, हेच होय. पाण्यात तापवले की तिन्ही साखळ्या सुटून कोलॅजेनचे जिलेटिन होते आणि बळ नाहीसे होते. उलट, मूळ पीळ शाबूत असला तर या प्रथिनात वैद्यकाला हवे असलेले अनेक गुण एकत्र सापडतात: पेशी त्याला सहज चिकटतात, निरनिराळ्या प्राण्यांत त्याची रचना इतकी मिळतीजुळती असते की शुद्ध केलेल्या कोलॅजेनला शरीराचा विरोध सहसा सौम्य राहतो, आणि शरीराची स्वतःची विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, त्याचे तुकडे करून ते पचवू शकतात. शस्त्रक्रियेतील जुना कॅटगट धागा, जो मेंढ्यांच्या व गुरांच्या आतड्यांपासून करतात, तो मुळात कोलॅजेनचाच असतो आणि शरीरात विरून जातो.

मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील शल्यविशारद जॉन बर्क आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील बहुवारिकांचे अभ्यासक आयोआनिस यानास यांनी हातात हात घालून काम सुरू केले, तेव्हा त्यांचा उद्देश जखम लवकर मिटवणारे आवरण शोधण्याचा होता. गिनिपिगच्या जखमांवर केलेल्या प्रयोगांत त्यांच्या काही जाळ्यांनी जखम लवकर मिटवण्याऐवजी कडा आत ओढल्या जाण्याची क्रियाच लांबवली. ठरवलेल्या उद्देशाच्या दृष्टीने ही पीछेहाट होती. पण बारकाईने पाहता असे दिसले, की जेथे आकुंचन थोपवले गेले तेथे वणाऐवजी अंतस्त्वचेसारखी ऊती उभी राहत होती. आकुंचन आणि वण यांनाच जखम भरणे समजण्याची सवय मोडली, तेव्हाच पुनर्निर्मितीचा मार्ग खुला झाला. निकालाला अपयश म्हणून बाजूला न सारता त्याचा अर्थ लावत राहण्याची ही चिकाटी या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

जाळी तयार करण्याची कृती निगुतीची आहे. गाईगुरांच्या कंडरांतून काढलेले कोलॅजेनचे तंतू थंड ठेवलेल्या सौम्य ॲसेटिक आम्लात घुसळून एकजीव करतात आणि त्यात शार्कच्या कूर्चेतून मिळवलेले काँड्रॉइटिन-६-सल्फेट हे साखरेच्या साखळ्यांचे संयुग मिसळतात. या संयुगामुळे जाळी अधिक मोकळी होते आणि विकरांच्या माऱ्याला जास्त काळ तोंड देते. पांढरट दाट मिश्रण थाळ्यांत ओतून गोठवले जाते. गोठताना पाण्याचे स्फटिक वाढतात आणि कोलॅजेन त्यांच्या मधल्या फटींत लोटले जाते. मग निर्वात पेटीत बर्फाची थेट वाफ होऊ दिली, की स्फटिकांच्या जागी रिकामी, परस्परांशी जोडलेली छिद्रे उरतात. थंड करण्याचा वेग वाढवला तर स्फटिक लहान आणि म्हणून छिद्रे लहान होतात, वेग कमी केला तर मोठी; त्यामुळे तापमान हेच येथे कारागिराचे हत्यार ठरते. वाळलेली जाळी निर्वातात सुमारे १०५ अंश सेल्सियसला तापवतात. ओले कोलॅजेन याहून कितीतरी कमी तापमानाला जिलेटिन झाले असते, पण पाणी काढून टाकलेले कोलॅजेन आपला पीळ सोडत नाही आणि शेजारच्या रेणूंमध्ये आडवे बंध तयार होतात. पुढे ग्लुटारल्डिहाइडच्या द्रावणाने हे बंध आणखी वाढवतात आणि वरच्या बाजूला सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा सिलिकोनचा पापुद्रा बसवतात. बाह्यत्वचा येईपर्यंत पाण्याची वाफ मर्यादेत बाहेर जाऊ देणे आणि जंतूंना अटकाव करणे, हे काम तो पापुद्रा करतो.

शस्त्रक्रियागृहात या वस्तूचा वापर तितकाच दक्षतेने करावा लागतो. मृत ऊतीचा कण न ठेवता जखम कापून स्वच्छ करतात, रक्तस्राव पूर्ण थांबवतात आणि जाळी कोलॅजेनची बाजू खाली राहील अशी पसरून स्टेपलने कडा पक्क्या करतात. वरची बाजू चटकन ओळखता यावी म्हणून सिलिकोनवर काळे धागे असतात. खाली रक्त साचले, पू झाला किंवा पट्टीखाली जाळी सरकली, तर ती शरीराशी जुळत नाही. सर्व ठीक असेल तर खालच्या ऊतीतून पेशी आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या छिद्रांत शिरू लागतात, आणि त्यांची प्रगती पारदर्शक सिलिकोनमधून डोळ्यांनी पाहता येते: आरंभीचा लाल रंग आठवडाभरात गुलाबी होतो, मग फिकट पीचसारखा आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिवळसर. हा पिवळसर रंग आणि दाबल्यावर रंग जाऊन पुन्हा परत येणे, ही नवी अंतस्त्वचा तयार झाल्याची खूण होय. त्यानंतर सिलिकोन सोलून काढतात आणि रुग्णाच्या बाह्यत्वचेचा मिलिमीटरच्या साधारण आठव्या भागाइतका पातळ थर वर लावतात. हा थर इतका पातळ असतो की जेथून तो घेतला ती जागा लवकर भरते आणि तेथूनच पुन्हा त्वचा घेता येते.

जाळीच्या यशाचे कारण तिच्या द्रव्याइतकेच तिच्या मापांत आहे. छिद्रे सुमारे २० ते १२५ मायक्रोमीटरची असावी लागतात. त्याहून फार लहान असली तर पेशी आत शिरत नाहीत आणि फार मोठी असली तर पेशींना धरून ठेवण्यासाठी पुरेसा पृष्ठभाग उरत नाही. जखम ओढून घेणाऱ्या आकुंचक पेशी या पृष्ठभागाला चिकटून विखुरल्या जातात आणि एका दिशेने जोर लावण्याची त्यांची एकजूट मोडते. तितकेच निर्णायक असते ते विरण्याचे गणित. स्लॅब पक्का होण्याआधी सेंटरिंग काढले तर तो कोसळतो, तसे जाळी काही दिवसांतच विरघळली तर आकुंचन पुन्हा सुरू होते. आणि महिनोन्महिने राहिली तर ती नव्या ऊतीच्या वाढीला अडसर ठरते. दोन आठवड्यांच्या आसपास अर्धी विरणारी जाळी जखम भरण्याच्या गतीशी मेळ खाते. धातूच्या सांध्याची किंमत तो किती वर्षे टिकला यावर ठरते, तर या जाळीची किंमत ती नेमक्या वेळी नाहीशी झाली की नाही यावर ठरते.

१९८१ साली बर्क, यानास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० ते ९५ टक्के शरीर भाजलेल्या १० रुग्णांवरील यशस्वी वापर प्रसिद्ध केला. १९८८ साली ११ केंद्रांतील १०६ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष आला, आणि त्यात गुण आणि उणिवा दोन्ही स्पष्ट झाल्या: नेहमीच्या झाकणांच्या तुलनेत जाळी जुळून येण्याचे मध्यक प्रमाण कमी, म्हणजे ९५ टक्क्यांऐवजी ८० टक्के होते, मात्र त्वचा घेतलेल्या जागा लवकर भरल्या आणि अंतिम आवरण मऊ व कमी उंचावलेले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ साली या साधनाला मंजुरी दिली. या नव्या त्वचेत केस उगवत नाहीत आणि घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून शरीराचा मोठा भाग असा झाकला गेलेल्या रुग्णाला उन्हाळा जड जातो. पुनर्निर्मितीचे शास्त्र अद्याप अर्ध्या वाटेवर आहे, हे या उणिवेवरून कळते.

याच प्रथिनाला वेगळे रूप देऊन आज अनेक साधने घडवली जातात. तुटलेल्या नसेची दोन टोके ज्यात ठेवतात त्या नळ्या, हाड वाढवणारे प्रथिन धरून ठेवणारे स्पंज, हिरडी आणि हाड यांमध्ये घालायचे पापुद्रे आणि रक्तस्राव थांबवणारी भुकटी ही त्यांची उदाहरणे होत. जैविक हृदयझडपेत मात्र निर्णय नेमका उलट घ्यावा लागतो: डुकराची झडप किंवा गुराचे हृदयावरण ग्लुटारल्डिहाइडने इतके बांधले जाते की ते विरू नये. फ्रान्सचे आलँ कार्पाँत्येर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत रुजवली. अशा झडपेवर अनेक वर्षांनी चुना साचून ती कडक होते, कारण जे मृत आणि बांधलेले आहे त्याची दुरुस्ती शरीर करू शकत नाही.

कोलॅजेन कोणत्या प्राण्याचे, हा प्रश्नही गौण नाही. गुरांतील मेंदूविकाराच्या साथीनंतर कच्च्या मालाच्या मूळ कळपापर्यंतची नोंद ठेवणे आवश्यक झाले. आणि गाय किंवा डुक्कर यांपासून बनलेली वस्तू अंगात घालण्यापूर्वी रुग्णाला त्याची स्पष्ट कल्पना देणे, ही भारतासारख्या देशात वैद्यकीय सभ्यतेची किमान अट आहे. माशांच्या कातडीतील कोलॅजेन हा एक पर्याय आहे, पण थंड पाण्यातील माशांच्या कोलॅजेनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन कमी असल्याने ते माणसाच्या शरीराच्या उष्णतेत पीळ राखू शकत नाही. त्यामुळे उष्ण पाण्यातील मासे आणि अधिक आडबंध यांचा आधार घ्यावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात, आणि त्यांपैकी बहुतेकांना आयात केलेल्या जाळीची किंमत परवडणारी नाही. या प्रथिनाची रचना उलगडणारे शास्त्र याच देशात उभे राहिले, कच्चा माल कत्तलखान्यांत आणि मासळी बाजारांत उपलब्ध आहे, आणि गोठवून सुकवण्याचे तंत्र येथील औषध कारखान्यांना परके नाही. उणीव आहे ती या तिन्हींना जिल्हा रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेची: लवकर शस्त्रक्रिया करू शकणारा चमू, निर्जंतुक पट्ट्या बदलणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका आणि पुढे वर्षभर सांध्यांचा व्यायाम करून घेणारे उपचारतज्ज्ञ. जाळी कितीही कुशलतेने घडवली, तरी ती आपले काम पुरे करून विरेपर्यंत रुग्णाला सांभाळणारी माणसे असल्याशिवाय नवी त्वचा घडत नाही. म्हणून स्वस्त देशी जाळी आणि सक्षम दाहकक्ष ही एकच मागणी समजून तिचा पाठपुरावा व्हायला हवा.