खिसा कुणाचा, हात कुणाचा

दिवाळीत मराठवाड्यातली बहुतेक शहरं ओस पडतात. नोकरदार गावाकडं जातात, लातूरच्या वसतिगृहांतली पोरं घरी पळतात. नांदेडात मात्र गर्दी वाढते. दिवाळीच्या तोंडावर सचखंड हुजूरसाहिब गुरुद्वाऱ्यात तख्तस्नान होतं, गोदावरीच्या पाण्यानं तख्त आणि शस्त्रं धुतली जातात. पाठोपाठ कार्तिकातच गुरु ग्रंथसाहिबांना गुरुगादी दिल्याचा आणि गुरु गोविंदसिंगांच्या निर्वाणाचा उत्सव येतो. पंजाब, हरियाणा, दिल्ली, कॅनडा, इंग्लंड अशा ठिकाणांहून माणसं उतरतात. कुठल्याही पर्यटनगावाबद्दल पहिल्यांदा जे विचारलं जातं तेच इथंही विचारता येईल: राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं? नांदेडपुरतं याचं उत्तर पर्यटन महामंडळाच्या किंवा हॉटेलमालकांच्या आधी घोडदळातली नोकरी सोडून आलेल्या एका पंजाबी सेवेकऱ्यानं देऊन ठेवलं आहे, असं माझं म्हणणं आहे. गेल्या दोन दशकांत सरकारनं या शहरात जे केलं, आणि त्यातलं जे फसलं, ते या उत्तराशी ताडून पाहिल्याशिवाय उलगडत नाही.

मुक्कामाचं गाव कसं घडतं याचा एक नेहमीचा साचा आहे. लिस्बनजवळच्या कास्काइश–एश्तोरिलच्या किनाऱ्यावर तो स्वच्छ दिसतो. १८७० मध्ये राजा लुईश पहिला उन्हाळ्याच्या मुक्कामासाठी कास्काइशच्या किल्ल्यात आला आणि त्याच्यामागं सरदार-दरकदार आले. १८८९ मध्ये रेल्वे आली. पुढं फाउश्तो फिगेरेदोनं एश्तोरिलचा आराखडा मांडला, १९३० मध्ये पालासिओ हॉटेल उभं राहिलं, १९३१ मध्ये कॅसिनो सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिल्यानं पदच्युत राजे आणि हेर एकाच उपाहारगृहात जेवू लागले. राजा, रेल्वे, हॉटेल, जुगार असा हा क्रम आहे आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर पाहुण्याचा खिसा थोडा हलका होतो. गोव्याच्या किनारपट्टीचा अर्थव्यवहार आजही याच साच्यात बसतो. नांदेडला समुद्र नाही, हवा खायला यावं असं हवामान तर नाहीच. तरी पहिल्या दोन पायऱ्या इथंही तशाच चढल्या गेल्या. १७०८ मध्ये बहादूरशहाच्या छावणीबरोबर गुरु गोविंदसिंग दक्षिणेत आले, गोदाकाठी माधवदास बैराग्याचा बंदा बहादूर झाला आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला गुरूंनी इथंच देह ठेवला. १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी निजामाच्या मुलखातल्या या गावी गुरुद्वारा बांधवला. १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड मीटरगेज लाइन झाली आणि नांदेड रेल्वेच्या नकाशावर आलं. इथवर साचा जुळतो. पुढच्या पायरीला एश्तोरिलमध्ये हॉटेल उभं राहिलं, नांदेडात लंगर, म्हणजे सर्वांसाठीची मोफत पंगत.

हा लंगर ज्यानं उभा केला त्या माणसाचं नाव नांदेडातल्या कित्येक मराठी वाचकांनाही ठाऊक नसावं. बाबा निधानसिंग १८८२ मध्ये होशियारपूर जिल्ह्यातल्या नडालों गावी जन्मले. घोडदळात काही काळ नोकरी केली, ती सोडली आणि हुजूरसाहिबला येऊन सेवेकरी झाले. त्या काळचं नांदेड डोळ्यांसमोर आणलं की पुढची गोष्ट कळते. निजामी राज्यातलं, भाषेनं मराठी-तेलुगू-दखनी असं गाव. पंजाबहून येणाऱ्याला मनमाडला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसावं लागे आणि उतरल्यावर ओळखीचं कुणी नसे. गुरूंनी भाई संतोखसिंगांना इथंच राहून लंगर चालवायला सांगितलं होतं, अशी परंपरा आहे. पण दोनशे वर्षांत परंपरा आणि रोजची चूल यांत अंतर पडत गेलं. निधानसिंगही अखेर कंटाळले आणि परत निघाले. पुढचं सगळं श्रद्धेचं कथन आहे. स्टेशनाजवळ झाडाखाली बसले असता त्यांना गुरूंचं दर्शन झालं आणि आज्ञा मिळाली की परत फिर, लंगर चालव, आजपासून खिसा माझा आणि हात तुझा. १९१२ च्या सुमारास नगीना घाटाजवळ लंगर सुरू झाला. तोच आजचा गुरुद्वारा लंगरसाहिब. मनमाडचा गुपतसर गुरुद्वाराही याच परंपरेशी जोडला जातो, आणि जिथं वाटसरू अडकत असे तिथंच चूल मांडणं हे तर्काला धरूनच आहे. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, पंजाबची फाळणी होण्याच्या उंबरठ्यावर, बाबा वारले. त्यांच्या शिष्यपरंपरेनं लंगर पुढं चालवला.

स्टेशनवरच्या दर्शनावर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. इतिहासाच्या दृष्टीनं त्या आज्ञेतली व्यवस्था महत्त्वाची आहे. खिसा एकाचा आणि हात दुसऱ्याचा, याचा व्यवहारी अर्थ असा की वाढणारा मालक नाही आणि जेवणारा याचक नाही. धर्मशाळेत दात्याच्या नावाची फरशी भिंतीत बसते, अन्नछत्रात देणगीदारांचा फलक लागतो आणि जेवणारा कुणाच्या तरी उपकाराखाली बसतो. इथं उपकार करणारा मुळातच अदृश्य ठेवला आहे, म्हणून पंगतीत ट्रकचालक आणि टोरांटोचा डॉक्टर शेजारी बसले तरी कुणालाच अवघडत नाही. ही व्यवस्था गावाच्या सीमेपाशी थांबली नाही. ब्रॉडगेज झाल्यावर नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्स्प्रेस सुरू झाली. दोन हजार किलोमीटरांच्या या वाटेवर अनेक स्थानकांत सेवेकरी डब्याडब्यांत लंगर वाढतात आणि जाणते प्रवासी ताट-वाटी बरोबर घेऊनच गाडीत बसतात. मनमाडच्या चुलीमागचा विचारच पुढं रुळांवर धावू लागला, असं म्हणायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू. नांदेडात पाहुणचाराच्या दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. एक लंगरसाहिबची, गुरुशिष्यपरंपरेनं चालणारी. दुसरी गुरुद्वारा बोर्डाची, १९५६ मध्ये हैदराबाद राज्याच्या विधिमंडळानं केलेल्या कायद्यानं बांधलेली. बोर्डाचाही लंगर आहे, शिवाय यात्री निवास आहेत, एनआरआय निवास आहे, खोल्यांची नोंदणी आहे, आणि या सगळ्यामागं कायमचं भांडण आहे. बोर्डावर कुणाची माणसं किती, हा वाद स्थानिक दखनी शीख, अमृतसरची शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती आणि राज्य सरकार यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं नव्या कायद्याला मंजुरी दिली. सतरापैकी बारा सदस्य सरकार नेमणार, असं त्यात होतं. नांदेडात दखनी शीख रस्त्यावर उतरले, पंजाबातूनही निषेध झाला आणि सरकारला पाऊल मागं घ्यावं लागलं. दखनी शिखांचा राग रास्त होता, असं मला वाटतं. ज्यांच्या पूर्वजांनी निजामी राजवटीत हे तख्त सांभाळलं त्यांना बाजूला सारून मुंबईहून सदस्य नेमायचे, याला सुधारणा म्हणता येत नाही. पण या लेखाच्या दृष्टीनं दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. जिथं कायदा आहे तिथं खुर्च्यांवरून भांडण आहे, आणि जिथं वाटून घेण्यासारखी खुर्चीच नाही तिथं वाढपी लागतात, तेवढेच येतात.

सरकारला ही व्यवस्था नेमकी कुठल्या खान्यात टाकावी हे कधीच कळलेलं नाही. २००८ च्या गुरुगादी त्रिशताब्दीसाठी नांदेडला जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेत घेतलं ते धार्मिक-पर्यटन महत्त्वाचं शहर म्हणून. रस्ते झाले, घाट झाले, गुरु गोविंदसिंगांच्या नावाचा विमानतळ झाला. मुख्यमंत्री लातूरचे होते आणि वर्षअखेरीस नांदेडचे झाले, हेही त्या गतीचं एक कारण. हे बांधकाम शहराला हवंच होतं. कागदोपत्री मात्र त्याचं समर्थन पर्यटनवाढीचं होतं, आणि पर्यटनाच्या हिशेबात भाडं न देणारा, बिल न मागणारा पाहुणा बसतच नाही. हाच गोंधळ पुढं करांत उतरला. २०१८ मध्ये केंद्रानं सेवा भोज योजना आणली. मोफत अन्न देणाऱ्या संस्थांना ठरावीक शिधासामग्रीवरचा केंद्राचा जीएसटी परत मिळावा, असा तिचा हेतू. महिन्याला किमान ५,००० जणांना जेवण, ही तिची एक अट आहे. नांदेडच्या उत्सवी दिवसांत हा आकडा एका दिवसातच मागं पडतो. पुढं जुलै २०२२ मध्ये रोज हजार रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या हॉटेल खोल्यांवरची करमाफी काढून १२ टक्के कर लावला गेला आणि अमृतसरच्या सरायांवरून गदारोळ उठला. तेव्हा करमंडळाला खुलासा करावा लागला की धार्मिक न्यासांच्या, आवाराबाहेरच्याही सरायांना ही माफी आहेच. कायद्याला देवस्थानाचं आवार कुठं संपतं हे ठरवावं लागतं. निधानसिंगांच्या व्यवस्थेत तो प्रश्न उद्भवतच नाही, कारण तिथं आवार मनमाडच्या फलाटापर्यंत पसरलेलं आहे.

यावर पहिला आक्षेप व्यापाऱ्यांकडून येतो: फुकट जेवणानं गावचं हॉटेल बुडतं. नांदेडच्या बाबतीत हे पटत नाही. वजिराबाद आणि स्टेशनच्या भागात लॉज आहेत, खाणावळी आहेत, बिर्याणीची दुकानं आहेत आणि ती रिकामी नसतात. ज्याचं जेवण सुटलं तो दोन दिवस जास्त राहतो. कडं-किरपाण घेतो, रिक्षा करतो, बिदरच्या नानक झिऱ्याला गाडी ठरवतो. त्याचा पैसा ताटाऐवजी दुसऱ्या वाटेनं गावात उतरतो. उलट बाजाराचा पाहुणचार बघायचा तर लातूर आहेच. सत्तरच्या दशकात डॉ. जनार्दन वाघमारे यांनी राजर्षी शाहू महाविद्यालय घडवलं, पुढं प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात परीक्षांच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आला आणि मराठवाडाभरची मुलं तिथं येऊन राहू लागली. वसतिगृह, मेस, डबा, अभ्यासिका असं सगळं शहर परगावच्या पोरांना ठेवून घेण्यावर आणि जेवू घालण्यावर चालतं. त्यात वाईट काही नाही. पण २०१६ च्या दुष्काळात टँकरभोवती जमावबंदी लागली आणि मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा पैसे मोजून राहणाऱ्याचा हक्क पाण्यासारख्या गोष्टीवर कुठवर चालतो हे दिसून आलं.

दुसरा आक्षेप असा की लंगर ही पंजाबची आयात आहे, पैसा तिकडचा, पदार्थ तिकडचे, मराठवाड्याच्या मातीशी त्याचं नातं काय? पैशाबद्दल हे बरंचसं खरं आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. एश्तोरिललाही बाहेरचाच पैसा आला होता. वृत्तीबद्दल मात्र आक्षेप चुकतो. लातूर-धाराशिवच्या भागात मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, ज्याला ठाऊक आहे त्याला पंगतीचं तत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी असते, गाव शेतात जातं, कोपीत पांडवांची पूजा होते आणि भज्जी, उंडे, आंबिलाचं जेवण बांधावर मांडलं जातं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. शेगावहून पंढरीला निघालेल्या पालखीला मराठवाड्यातली गावं जेवण देतात, त्यातही यजमान कोण हे गावालाच सांगता येत नाही. फरक एवढाच की येळवस वर्षातून एक दिवस असते. लंगरानं तीच गोष्ट ३६५ दिवसांची केली आणि त्यासाठी लागणारी शिस्त उभी केली.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, तो उत्तरदायित्वाचा. अदृश्य खिशाचा हिशेब कोण मागणार? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडात अडकले. महिनाभर त्यांचं राहणं-जेवण निघालं. त्या काळात शेकडो किलोमीटर पायी चाललेल्या मजुरांकडं पाहिलं की ही गोष्ट केवढी होती ते कळतं. एप्रिलअखेर पंजाब सरकारच्या बसगाड्या येऊन त्यांना घेऊन गेल्या. परतल्यावर शेकडो जण बाधित निघाले आणि दोन राज्यांत दोषाची फेकाफेक सुरू झाली: लागण नांदेडात झाली की वाटेत, तपासणी कुणी करायची होती. मेच्या आरंभी लंगरसाहिबमधल्या सेवेकऱ्यांतही रुग्ण सापडले. परंपरेनं चालणाऱ्या संस्थेला सार्वजनिक आरोग्याचे नियम कुणी आणि कसे लावायचे, याचं आयतं उत्तर तेव्हा कुणाकडंच नव्हतं. ही उणीव मान्य केलीच पाहिजे. स्वयंपाकघराची स्वच्छता, गर्दीचं नियोजन आणि आगीपासूनची सुरक्षा यांची सरकारी तपासणी लंगरालाही लागू व्हावी, यात श्रद्धेला धक्का लागण्याचं कारण नाही. पण तपासणी वेगळी आणि ताबा वेगळा. २०२४ मध्ये सरकारनं नेमकी ही गल्लत केली.

म्हणून ‘नांदेडला राहायचं कुठं’ याचं व्यवहारी उत्तर असं: बोर्डाच्या निवासात नोंद करा, ओळखपत्र बरोबर ठेवा, जमेल तसं भाडं द्या. तिथं जागा नसेल तर स्टेशनकडं लॉज आहेत. जेवायला लंगरसाहिबला जा, डोकं झाका, तंबाखू बाहेर ठेवा, पंगतीत बसा आणि जमलं तर नंतर दोन घटका भांडी घासा. मराठवाड्याचा पर्यटन आराखडा करणाऱ्यांनीही खोल्यांची संख्या आणि भाड्याचं उत्पन्न मोजून थांबू नये. एका रात्रीत किती अनोळखी माणसांना छप्पर आणि पोटभर जेवण मिळालं हा आकडाही नोंदवावा. त्या मोजणीत नांदेड किनाऱ्यावरच्या भल्याभल्या पर्यटनगावांच्या पुढं निघेल. आणि मुख्य म्हणजे, जी व्यवस्था शंभराहून अधिक वर्षं कुणाच्या अनुदानावाचून चालली तिला मदत करायची तर सरकारनं फक्त पाणी, रस्ते आणि मलनिस्सारण बघावं. खिसा आणि हात या दोहोंची वाटणी तिथं केव्हाच झालेली आहे.