धुरातून येणारा आवाज

मुलांनो, घनसावंगी तालुक्यातील आमच्या जांब समर्थ गावाच्या शिवारात एका उन्हाळ्यात उसाला आग लागली. सगळ्यांबरोबर मीही धावलो. बंब आला होता. एक जवान बंबाजवळ पंप चालवत उभा होता आणि दोघे पाण्याचा पाइप घेऊन धुरात शिरले होते. थोड्या वेळाने आतला जवान ओरडू लागला. पण पंपाची घरघर आणि जळत्या उसाची तडतड यांत त्याचे शब्द कळेनात. पाणी वाढवा म्हणतो, की बंद करा म्हणतो? शेवटी एक मुलगा बांधावरून पळत गेला आणि निरोप घेऊन आला. वारा फिरला होता आणि बंब मागे घ्या, असे तो जवान सांगत होता. बंब वेळेवर मागे आला. पण एवढ्या वेळात आगीने एक बांध ओलांडला होता.

असा निरोप क्षणात पोचावा म्हणून अग्निशामक दलाचे जवान हातात मावणारा बिनतारी संच वापरतात. आपण त्याला वॉकीटॉकी म्हणतो. 'बिनतारी' हा शब्द तुम्हांला अवघड वाटू नये. 'बिन' आणि 'तार' हे दोन्ही शब्द तुमच्या बोलण्यातलेच आहेत. उर्दू पुस्तकात यालाच 'लासिलकी' म्हणतात.

तुम्ही विचाराल, "सर, मोबाइल असताना याची काय गरज?" मोबाइलला टॉवर लागतो, नंबर लावावा लागतो आणि आपले बोलणे एकाच माणसाला ऐकू जाते. बिनतारी संचाचे बटण दाबून बोलले की त्या वाहिनीवरचे सगळे जण एकाच वेळी ऐकतात. जवळ टॉवर नसला तरी दोन संच एकमेकांशी बोलू शकतात.

पूर्वी ही सोय नव्हती. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. दुपारी चारनंतर दोन भयंकर स्फोट झाले आणि आग विझवणारे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. हातात धरून बोलण्याचे संच तेव्हा नुकतेच सैन्यात आले होते आणि एकेकाचे वजन दोन किलोंहून अधिक होते. असे संच असते तर ते जवान वाचले असते, असे मी म्हणणार नाही. पण मागे फिरा, हे सांगायचे असेल तर ते कोणत्या वाटेने सांगायचे, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत तसाच आहे.

आता संच कसा निवडतात ते पाहू. दुकानदार आधी सांगतो, "हा पाच किलोमीटर जातो, तो दहा जातो." आगीच्या कामात हा प्रश्न दुय्यम आहे. भिंतीपलीकडचा, तळघरातला माणूस ऐकू येतो का, हे महत्त्वाचे. त्यासाठी थोडे विज्ञान आठवा. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. या वेगाला वारंवारतेने भागले की लहरीची लांबी मिळते. १५० मेगाहर्ट्झची लहर दोन मीटर लांब असते, तर ४५० मेगाहर्ट्झची सुमारे ६७ सेंटिमीटर. पहिल्या पट्ट्याला व्हीएचएफ म्हणतात, दुसऱ्याला यूएचएफ. लांब लहर मोकळ्या रानात आणि झाडाझुडपांतून चांगली जाते. आखूड लहर दारेखिडक्यांतून इमारतीत अधिक सहज शिरते. म्हणून आपल्याकडच्या शेताशिवारासाठी व्हीएचएफ बरा आणि उंच इमारतींच्या शहरासाठी यूएचएफ बरा. पण माझ्या मते याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. समजा, एका मोठ्या आगीला अंबडहून आणि जालन्याहून असे दोन बंब आले. एकाकडे व्हीएचएफ आणि दुसऱ्याकडे यूएचएफ असेल, तर शेजारी उभे राहूनही त्यांचे संच एकमेकांना बहिरे! म्हणून संच घेण्याआधी शेजारच्या दलाकडे काय आहे ते विचारावे.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. जाड हातमोजे घालून बटण दाबता आले पाहिजे. संचात पाणी शिरता कामा नये. बॅटरी पाळी संपेपर्यंत टिकली पाहिजे. जिथे गॅस गळण्याचा संभव असतो, तिथे ठिणगी न पडणारा खास संचच हवा.

संच चांगला असला म्हणजे झाले, असे मात्र समजू नका. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या दोन उंच मनोऱ्यांवर विमाने आदळली. तेथे १९९३ साली बाँबस्फोट झाला होता. त्यानंतर तेथे रिपीटर बसवले होते. रिपीटर म्हणजे अशक्त संदेश झेलून तो जोराने पुन्हा पाठवणारे यंत्र. ते पूर्णपणे चालू करायला दोन बटणे दाबावी लागत. त्या सकाळी उत्तरेच्या मनोऱ्यात अधिकाऱ्यांनी यंत्राची परीक्षा घेतली. एक बटण दाबलेले होते, दुसरे नव्हते. टेबलावरच्या फोनातून आवाज जाईना. यंत्र बिघडले असे समजून त्यांनी दुसरी वाहिनी धरली. खरे तर यंत्र चालू होते. दक्षिणेच्या मनोऱ्यात ७८व्या मजल्यापर्यंत चढलेले जवान त्याच्याच मदतीने आपसांत बोलत होते.

९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिणेचा मनोरा कोसळला. लगेच उत्तरेच्या मनोऱ्यातल्या जवानांना बाहेर पडण्याचा हुकूम रेडिओवरून दिला गेला. पुष्कळांना तो ऐकूच गेला नाही. कोणी टप्प्याबाहेर होते, कोणी वेगळ्या वाहिनीवर होते. सुट्टीवर असूनही धावून आलेल्या काहींजवळ संचच नव्हता. एकाच वाहिनीवर फार जण बोलत होते. काहींनी हुकूम ऐकला, पण साथीदारांना सोडून ते निघाले नाहीत. २९ मिनिटांनी तोही मनोरा पडला. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाचे ३४३ जण गेले.

म्हणून संचात वाहिन्या भरण्याचे काम, म्हणजे प्रोग्रामिंग, शांतपणे आणि आधीच करावे लागते. संच संगणकाला जोडून प्रत्येक वाहिनीची वारंवारता त्यात भरतात. मनाला येईल ती वारंवारता भरता येत नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परवाना घ्यावा लागतो. ४४६ मेगाहर्ट्झजवळचे अगदी कमी शक्तीचे संच विनापरवाना चालतात, पण ते आगीच्या कामाचे नाहीत.

संचाच्या डोक्यावर वाहिनी बदलण्याचे गोल बटण असते. दलातल्या सगळ्या संचांत त्याचा क्रम सारखाच हवा. एकाच्या संचात तिसऱ्या जागी जे आहे, तेच सर्वांच्या संचात तिसऱ्या जागी. आगीच्या जागेवर बोलण्याची वाहिनी बटणाच्या अगदी टोकाला ठेवावी. मग अंधारात, धुरात, हातमोजे घालून ते अडेपर्यंत फिरवले की माणूस योग्य वाहिनीवर येतो. ही वाहिनी शक्यतो संचापासून संचापर्यंत थेट असावी. दूरच्या कार्यालयाशी बोलायला रिपीटरची वेगळी वाहिनी असते.

एक चूक फार फसवी आहे. नको ते आवाज येऊ नयेत म्हणून संदेशासोबत एक मंद सूर पाठवतात. तो आपल्या कानाला ऐकू येत नाही. तोच सूर आला तरच समोरचा संच तोंड उघडतो. समजा, एका संचात चुकीचा सूर भरला गेला. मग संदेश येतो, दिवाही लागतो, पण संच गप्प राहतो. त्या जवानाला वाटते, कोणी बोलतच नाही! म्हणून आगीच्या वाहिनीवर ऐकण्यासाठी सुराची अट ठेवू नये, हे मला पटते. थोडी खरखर ऐकावी लागेल, लागू दे.

कधी कोटाखाली बोलण्याचे बटण नकळत दाबले जाते आणि सगळी वाहिनी अडून राहते. त्यासाठी एका मिनिटाने बोलणे आपोआप तोडण्याची सोय भरून ठेवतात.

एवढे करून झाल्यावर संच पेटीत ठेवायचे नसतात. रोज पाळी बदलताना एक जवान संच घेऊन दार लावलेल्या खोलीत जातो. दुसरा बंबाजवळ पंप सुरू करून उभा राहतो. आतला बटण दाबतो, क्षणभर थांबतो आणि मगच बोलतो, कारण लगेच बोलले तर पहिला शब्द कापला जातो आणि "थांबू नका"मधले फक्त "नका" पोचते. बाहेरचा ऐकलेले शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवतो. मग दोघे जागा बदलतात.